खेड्याला फायबर कशाला? एका ढकलपत्राला उत्तर

भारतनेट म्हणजे फायबरच्या (काचेच्या तंतूंच्या) केबलने ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेण्याची केंद्र सरकारची योजना. गेले काही दिवस तिच्यावर एक ढकलपत्र फिरतंय : "भारतनेटवर करदात्यांचे कोट्यवधी उधळले, एकाही गावात नेट नाही. आता तर टॉवर आहेत, मोबाइल आहे. खेड्याला फायबर हवीच कशाला?"

"करदात्यांचे" हे अर्धवट आहे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला ५ टक्के वाटा ग्रामीण सेवेसाठी वेगळा काढला जातो. यूएसओ फंड म्हणायचे त्याला, आता डिजिटल भारत निधी. शेवटी तो निघतो आपल्याच रिचार्जमधून, हे खरं. पण तो गोळाच खेड्यासाठी होतो.

"एकाही गावात नेट नाही" हे साफ चूक. सरकारी हिशेबात दोन लाखांवर ग्रामपंचायती 'सेवेसाठी सज्ज' आहेत. मात्र या 'सज्ज'ची गंमत आमच्या ग्रामपंचायतीत येऊन बघा. भिंतीवर भारतनेटची पेटी आहे, पेटीला कुलूप आहे, आत लाल दिवा लुकलुकतोय. नळयोजनेची चारी खणताना जेसीबीने केबल तोडली, ती कोणी जोडायची यावर कागद फिरतायत. तोवर सेवा केंद्रातली मुलगी स्वतःचा मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून हॉटस्पॉटवर सातबारा काढते.

म्हणजे राग खरा आहे, रोख चुकलाय. जुन्या आराखड्यात तालुक्यापासून गावापर्यंत फायबरची एकच वाट होती. ती मध्ये तुटली की पुढची सगळी गावं बंद. टाकायला पैसे होते, सांभाळायला कोणी नव्हतं. ४ ऑगस्ट २०२३ ला मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटचा १,३९,५७९ कोटींचा आकडा बघून लोक भडकतात, पण त्यात याच दुखण्यावर इलाज आहे : ग्रामपंचायती वलयाने जोडायच्या, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू, आणि दहा वर्षांची देखभालही त्याच कंत्राटात. काम धड होईल की नाही, यावर जरूर भांडा. वलयाचा खर्च मात्र उधळपट्टीत धरू नका.

राहिला टॉवर. टॉवर काही आभाळातून नेट आणत नाही. त्यालाही मागून जाड वाट लागते, आणि ती फायबरइतकी रुंद दुसरी नाही. आमच्या टेकडीवरचा टॉवर अजून मायक्रोवेव्हवर, म्हणजे टॉवर ते टॉवर बिनतारी जोडणीवर चालतो. दुपारी शाळा सुटली, पोरांनी मोबाइल उघडले, की खिडकीतला सातबारा गोल गोल फिरत बसतो.