आयपीव्ही६ बंद केल्यावर साइट उघडली? मग आधी राउटरकडे बघा

कोल्हापुरात कॉलनीच्या, तालमीच्या, पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: ब्राउझर साइट शोधत बसतो तो आयपीव्ही६मुळे, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीमुळे (जुनी ती आयपीव्ही४). ते भारतात धड चालत नाही, प्रत्येक साइटचे दोन-दोन पत्ते शोधण्यात वेळ जातो, शिवाय तुमची ओळख उघडी पडते. म्हणून फायरफॉक्स आणि विंडोज दोन्हीकडे ते बंद करा, डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा, म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाका, राउटर बंद-चालू करा. खाली शेरा, 'नाद खुळा, करून बघा!'

काहींचं नेट यानं खरंच सुधारतं, म्हणून तर मेसेज मरत नाही. पण चार औषधं एकदम घेतल्यावर गुण कुठल्या औषधाचा, हे कसं कळणार? राउटर अडकला असेल तर नुसतं बंद-चालू करूनही काम होतं, आणि श्रेय मात्र आयपीव्ही६ बंद करण्याला जातं.

'भारतात चालत नाही' हा मुद्दा पटकन निकालात काढू. जिओ २०१६ मध्ये आलं ते आयपीव्ही६ घेऊनच, आणि आज त्याच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. पर्यायही नव्हता. आयपीव्ही४चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला.

दोन पत्त्यांचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, म्हणून तिथं थांबायला हवं. साइटच्या नावावरून जुना, म्हणजे आयपीव्ही४चा, पत्ता मिळतो तो डीएनएसच्या ए (A) नोंदीतून, नवा मिळतो चार ए असलेल्या, म्हणजे क्वाड-ए (AAAA) नोंदीतून. हे दोन प्रश्न साधारण एकाच वेळी विचारले जातात, एक संपल्यावर दुसरा असं नाही. आधुनिक ब्राउझर 'हॅपी आयबॉल्स' नावाची रीत पाळतात. तिच्या २०१७ च्या आवृत्तीतली शिफारस अशी: जुना पत्ता आधी हाती आला तर नव्यासाठी ५० मिलिसेकंद थांबा, आणि एका पत्त्यावर जोडणी लागेना तर २५० मिलिसेकंदांनी दुसरा पत्ताही आजमावा. एवढा उशीर माणसाला फारसा जाणवत नाही.

मग पाच-पाच सेकंद चक्र फिरतं ते का? घरातला संगणक डीएनएसचा प्रश्न बहुधा राउटरला विचारतो, आणि राउटर तो पुढं पाठवतो. काही राउटरांना क्वाड-एचा प्रश्न झेपत नाही. ते उत्तरच देत नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे 'या नावाची साइटच नाही' असं ठोकून देतात. हा रोग जुना आहे. २००५ मध्येच इंटरनेटच्या तांत्रिक दस्तावेजांत त्याची रीतसर नोंद झाली. बरेच प्रोग्रॅम नावाचा शोध ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवतात, आणि ही सिस्टिम दोन्ही उत्तरं येईपर्यंत थांबते. लिनक्सवर ही वाट पाहण्याची ठरलेली मुदत पाच सेकंदांची आहे. अशा वेळी आयपीव्ही६ बंद केलं की तो प्रश्नच विचारला जात नाही आणि साइट झटकन उघडते. राउटर होता तसाच राहतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

फायरफॉक्समधली आयपीव्ही६ बंद करणारी सेटिंग (about:config मधली network.dns.disableIPv6) तर फक्त फायरफॉक्सपुरती. उद्यमनगरातल्या ऑफिसात त्याच संगणकावरचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आधीसारखंच अडखळणार. आणि काही नेटवर्क आतून फक्त आयपीव्ही६ देतात, जुन्या पत्त्यांच्या साइट पत्त्याचं भाषांतर करून पोचवतात. तिथं क्वाड-ए विचारणं बंद केलं तर चालणारं नेटही बंद पडू शकतं. विंडोजबद्दल मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे की आयपीव्ही६ काढू नका, फार तर आयपीव्ही४ला प्राधान्य द्या.

ओळख उघडी पडण्याचं म्हणाल तर साइटला तुमचा कुठला ना कुठला पत्ता दिसतोच, आयपीव्ही४वरही. आयपीव्ही६मध्ये बहुतेक उपकरणं बाहेर जाताना अधूनमधून बदलणारे तात्पुरते पत्ते वापरतात.

राहिलं ८.८.८.८. मेसेजमधली ही गोष्ट कामाची आहे, पण उपाय म्हणून नव्हे, तपासणी म्हणून. क्वाड-एचा प्रश्न आयपीव्ही४च्या वाटेनंही जातो, त्यामुळे ही तपासणी कुणालाही करता येते. आधी ब्राउझरची तक्रार वाचा. 'सर्व्हर सापडला नाही' असेल तर घोळ नाव शोधण्यात आहे. 'उत्तर यायला फार वेळ लागला' असेल तर बहुधा नाव सापडलंय, अडचण पुढं जोडणीत आहे आणि डीएनएस बदलून उपयोग नाही. पहिला प्रकार असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप (nslookup) ही डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा वापरून साइटची क्वाड-ए नोंद एकदा राउटरच्या पत्त्यावर विचारा, एकदा ८.८.८.८ ला. साइटला नवा पत्ताच नसेल तर लगेच रिकामं उत्तर येतं, ते बरोबर आहे. पण राउटर गप्प आणि ८.८.८.८ हजरजबाबी, तर गुन्हेगार सापडला. फक्त एक बघा, ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' चालू असेल तर तो नावाचा प्रश्न राउटरला वळसा घालून विचारतो. मग ब्राउझर ठीक आणि बाकीचे प्रोग्रॅम अडलेले, असंही चित्र दिसतं.

दोष राउटरचा निघाला तर त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. ते नसेल तर राउटरच्याच डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस पत्ता द्या, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांचा प्रश्न एकदम मिटतो. केबलवाल्या दादाला फोन केलात तर 'नेट स्लो आहे' म्हणू नका, तो लाइन तपासून निघून जाईल. 'राउटर क्वाड-एला उत्तर देत नाही' असं सांगा. आणि मेसेज वाचून आयपीव्ही६ आधीच बंद केलं असेल, तर फायरफॉक्सची ती सेटिंग पुन्हा फॉल्स (false) करा आणि विंडोजमधली आयपीव्ही६ची काढलेली टिक परत लावा.