आंबेवाल्यांनो, होमपेजवर आधी भाव लिहा

मंडळी, सीझन तोंडावर आलाय म्हणून हे आत्ताच लिहितोय. मी छोट्या विक्रेत्यांच्या वेबसाइट्स करतो, त्यात कोकणातले बागायतदार बरेच. दरवर्षी एकच गोष्ट बघून जीव तुटतो. माल एक नंबर, झाडं आजोबांनी लावलेली, आणि होमपेज उघडलं की काय दिसतं तर भलामोठा स्लायडर, म्हणजे आपोआप सरकत राहणारे फोटो. पहिल्या फोटोत समुद्र, दुसऱ्यात नारळाची झाडं, तिसऱ्यात 'आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत आहे'. पेटी केवढ्याला, हे मात्र कुठेच नाही!

अरे, गिऱ्हाईक स्वागत करून घ्यायला आलेलं नाहीये. ते ऑफिसातून घरी जाताना बसमध्ये उभं राहून एका हाताने मोबाइल बघतंय, आणि त्याच्या डोक्यात तीन-चारच प्रश्न आहेत. आंबा कुठला, पेटी केवढ्याची, माझ्या पिनकोडला येणार का आणि कधी, आणि ही माणसं खरी आहेत का. याची उत्तरं बोटाने खाली न सरकवता पहिल्याच स्क्रीनवर मिळाली पाहिजेत. बाकी सगळं नंतर.

म्हणजे वर मोठ्या अक्षरात सरळ लिहा, 'देवगड हापूस, थेट आमच्या बागेतून, पुणे-मुंबईत घरपोच'. त्याखाली पेटीचा एकच स्वच्छ फोटो, आजचा भाव, पिनकोड टाकायची चौकट आणि 'पेटी बुक करा' असं बटण. झालं. आणि भाव नुसता 'पेटी' म्हणून लिहू नका. चार डझनाची की सहा डझनाची, एक फळ साधारण किती ग्रॅमचं, हे शेजारीच हवं. पेटी तेवढीच असते, फळ मोठं असलं की डझन कमी बसतात, हे कोकणात पोराटोरांना माहितीये, पण नागपुरात किंवा बंगळुरात बसलेल्या माणसाला माहीत नसतं आणि मग त्याला वाटतं आपल्याला फसवलं. तसंच आंबा कच्चा पाठवताय की तयार, हेही तिथेच सांगा. कच्चा आला की लोक घाबरून फोन करतात, 'अहो हे हिरवे आंबे काय पाठवलेत'!

भाव आणि ऑफर फोटोत छापून टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. कॉम्प्युटरवर छान दिसतं, मोबाइलवर तीच अक्षरं मुंगीएवढी होतात, गुगलला ती धड वाचता येत नाहीत, आणि भाव बदलला की परत डिझायनरच्या मागे लागा. फोटोही कॅमेऱ्यातून आला तसा पाच-सहा एमबीचा चढवू नका, लहान करून टाका. गुगलच्या हिशोबाने पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसली तर ते पान चांगलं, आणि गावाकडच्या नेटवर त्या जड स्लायडरला किती वेळ लागतो ते स्वतःच्या फोनवर वायफाय बंद करून एकदा बघाच.

आता विश्वासाचं. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपतो हे गिऱ्हाइकाला आता चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे तो आधीच संशयाने बघतो. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुमची त्यात अधिकृत नोंदणी असेल तर तो नंबर होमपेजवर लावा. बागेचं गाव लिहा, मालकाचा बागेतला साधा फोटो टाका, नेटवरून उचललेला कापलेल्या आंब्याचा नको. आमरस, आंबापोळी विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ अंकी नंबर द्या. आणि पत्ता, फोन, तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव, हे तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे द्यावंच लागतं, मग ते तळाशी बारीक अक्षरात लपवायचं कशाला? आंबा खराब निघाला तर काय करणार, ही एक ओळ बटणाच्या खालीच लिहा. माझ्या मते सगळ्या होमपेजवर सगळ्यात जास्त काम ती ओळ करते.

आणि कृपा करून ते 'फक्त २ पेट्या शिल्लक!' आणि उलटं धावणारं घड्याळ काढा. खरंच दोनच उरल्या असतील तर लिहा ना, पण रोज सकाळी परत दोनच? नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केलीये. खोटी घाई त्यात आहे, आणि डिलिव्हरीचे पैसे शेवटच्या पायरीवर हळूच जोडणं पण त्यात आहे. भाव घरपोच धरूनच सांगा ना, आकडा मोठा दिसेल तर दिसू दे, निदान शेवटी येऊन गिऱ्हाईक पळून जाणार नाही.

उघडल्या उघडल्या तोंडावर येणारा 'ईमेल टाका आणि सूट मिळवा'वाला पॉपअप पण नको. त्यापेक्षा व्हॉट्सॲपचं बटण ठेवा, आपल्याकडे लोक आधी 'आंबा गोड आहे का' विचारतात आणि मगच पैसे पाठवतात, ते चुकीचं नाहीये.

एक राहिलंच. जूनमध्ये आंबा संपतो, आणि होमपेज मात्र पुढचा मार्च येईपर्यंत 'पेटी बुक करा' म्हणत बसतं. पाऊस सुरू झाला की ते बटण बदला, 'या वर्षीचा हापूस संपला, पुढच्या सीझनला कळवू, नंबर द्या' असं लिहा आणि आंबापोळी, कोकम, काजू जे असेल ते वर आणा.