अर्ध्या तासात डायनॅमो खाली? जरा थांबा, दादा

द्राक्षांचा हंगाम आला की निफाड-पिंपळगावकडच्या पिकअपवाल्यांत एक मेसेज फिरायला लागतो. "बॅटरीचा लाल दिवा लागला म्हणजे डायनॅमो गेला. खात्री करायची तर चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढा, गाडी बंद पडली की समजा खलास. मग दोन बोल्ट काढा, टॉमी घाला, ब्रॅकेटसकट अर्ध्या तासात बाहेर." (डायनॅमो म्हणजे आल्टरनेटरच, इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा. जुनं नाव तोंडातून जात नाही. टॉमी म्हणजे उचकटायची लोखंडी दांडी, आणि ब्रॅकेट म्हणजे आल्टरनेटर इंजिनला धरून ठेवणारा लोखंडी आधार.)

घरी काम करायला माझी ना नाही. मीही केलंय. पण या मेसेजवर जाऊन नको.

लाल दिवा सैल बेल्टनेही लागतो, आल्टरनेटरमधल्या झिजलेल्या कार्बन ब्रशनेही. आधी बॅटरीला व्होल्टमीटर लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू केल्यावर १४ च्या आसपास आकडा आला तर चार्जिंग होतंय. चालू इंजिनवर वायर मात्र काढूच नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि आल्टरनेटरमधले डायोड, रेग्युलेटर जळू शकतात. म्हणजे धडधाकट आल्टरनेटर तपासणीतच जायचा.

बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायची, हे मेसेजमध्ये नाहीच. आल्टरनेटरच्या जाड वायरमध्ये चावी बंद असली तरी करंट असतो. पाना तिला आणि इंजिनला एकदम टेकला तर ठिणग्या उडतात, हात भाजतो.

आता खरी गोम. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी इनटेकची (हवा आत घेण्याच्या वाटेची) ओढ मिळत नाही, म्हणून ब्रेकच्या बूस्टरसाठी, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या डब्यासाठी, हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपमध्ये हा पंप आल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. त्याला ऑइल येणारी बारीक नळी, ऑइल परत नेणारा होज आणि तिसरा होज बूस्टरकडे. हे न सोडता टॉमीने ओढलं की नळी वाकलीच. बसवताना बूस्टरच्या होजची क्लिप राहिली तर ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं. रिकामी गाडी नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत जाईलही, पण क्रेट भरून कसारा घाट उतरायचा असेल तर? ऑइलच्या नळीला तांब्याचे वॉशर नवे टाका. सगळं बसवल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं तर व्हॅक्यूम मिळतोय. नाही गेलं तर गाडी जागची हलवू नका.

ब्रॅकेट बहुतेक वेळा काढावंच लागत नाही. तडा गेलाय, आटे गेलेत किंवा मागचं काही काढायचंय, तरच हात लावा. त्याचे बोल्ट एका लांबीचे असतीलच असं नाही. द्राक्षाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ब्रॅकेटचं चित्र काढून ज्याचा बोल्ट त्याच जागी टोचून ठेवा. मधले वॉशरही तिथेच, नाहीतर पुली वाकडी बसते आणि बेल्ट कडेने झिजतो. आणि टॉमी? आल्टरनेटरची बॉडी अॅल्युमिनियमची असते, बोल्ट बसतो तो कान तुटला की नवाच घ्या.

राहिला अर्धा तास. गंजलेल्या बोल्टवर तेल सोडून चहा पिऊन येईपर्यंत तेवढा जातो. मला पहिल्यांदा अकरा ते चार लागले, आणि शेवटी हातात एक वॉशर उरला. तो कुठला हे बघायला पुन्हा सगळं खोललं.