तळमजला मोटारींना दिला, तिथेच पेठ गेली

पुण्याच्या पेठेतला एखादा वाडा पाडायला घेतला की त्याचे फोटो फेसबुकवर फिरायला लागतात. कोरीव खांब, महिरपी, सागवानी तुळया, चौकातलं तुळशीवृंदावन. खाली हळहळणाऱ्यांची रीघ. मीही हळहळते. माझं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गेलं. पण गेली कित्येक वर्षं हे सगळं बघून माझं मत पक्कं झालंय की पेठ गेली ती खांब आणि महिरपी गेल्याने नाही. पेठ गेली ती तळमजला गेल्याने.

जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या वाड्याच्या पुनर्विकासाची बोलणी सध्या चालू आहेत आणि हा विषय डोक्यातून जात नाही.

वाडे पडणारच होते, हे आधी मान्य करू. सकाळी नळावर बादल्यांचे नंबर, मागच्या अंगणात सामाईक संडास आणि त्यापुढे रांग, पावसाळ्यात गळक्या कौलांखाली पातेली. माझ्या आजीने गुडघे धरून तो अंधारा जिना शेवटपर्यंत चढला. अशा घरातून बाहेर पडावंसं वाटणं अगदी रास्त आहे. मालकाचीही बाजू आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जागच्या जागी गोठली. १९९९ चा नवा कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. पण मूळ भाडंच दहा-वीस रुपयांचं असेल तर त्यावर चार टक्के म्हणजे किती? त्यात कौलं शाकारायची की पोटमाळ्याची तुळई बदलायची? वर भाऊबंदकी. एका वाड्याला डझनभर वारस, कुणी इथे, कुणी अमेरिकेत. डागडुजीला पैसे कुणी काढायचे यावर एकमत होईपर्यंत भिंत खचलेली असते. नदीकाठच्या पेठांचं तर १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हाच कंबरडं मोडलं. किती कुटुंबं तेव्हा लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगरकडे गेली ती परत आलीच नाहीत.

आणि जुनं ते सगळं सोनं होतं असंही मी म्हणणार नाही. कात्रजहून नळ टाकून पेशव्यांनी शहरात पाणी आणलं, हौद बांधले, याचं कौतुक आपण करतो आणि ते करायलाच हवं. पण त्या शहरातल्या प्रत्येक हौदावर प्रत्येकाला पाणी भरता येत नव्हतं. १८६८ मध्ये जोतिरावांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ते आजूबाजूला दारं बंद होती म्हणूनच. जुन्या पुण्याबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही.

मग नेमकं काय गेलं?

आमच्या वाड्याचा तळमजला सांगते. रस्त्याला लागून कमरेएवढा ओटा. ओट्याला लागून पिठाची गिरणी. दिंडी दरवाज्यातून आत शिरलं की जिन्याखाली घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, एक लाकडी पेटी, काचेचं झाकण आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले काका. पलीकडे एक बाई पिको-फॉल करायच्या, मशीन निम्मं दारात आणि निम्मं आत. चौक ओलांडला की मागचा दरवाजा थेट पलीकडच्या बोळात निघायचा, त्यामुळे निम्मी गल्ली आमच्या चौकातून ये-जा करायची. कुणी कुणाला अडवत नसे.

गिरणीत आम्ही डबा ठेवून शाळेत जायचो. डब्यावर ऑइलपेंटने नाव. गिरणीवाल्या काकांना कुठला डबा कुणाचा, कुणाला भाकरीचं पीठ बारीक लागतं आणि कुणाच्या भाजणीआधी घाणा झाडून घ्यायचा, सगळं पाठ होतं. डबा दोन दिवस कुणी न्यायला आलं नाही की ते स्वतः वर येऊन बघायचे. एकट्या राहणाऱ्या एका आजी आजारी पडल्याचं वाड्याला असंच कळलं होतं. दुपारी ओट्यावर बायका मेथी निवडायच्या, संध्याकाळी म्हातारे बसायचे, रात्री कॉलेजची मुलं. त्या ओट्यावर बसायला कुणाची ओळख लागत नव्हती. टपाल घेऊन आलेले पोस्टमनही तिथे बसून पाणी पिऊन पुढे जायचे.

आता आमच्या वाड्याशेजारची नवी इमारत बघा. वर घरं चांगली आहेत, खरंच चांगली. उजेड आहे, प्रत्येक घरात दोन-दोन बाथरूम आहेत, लिफ्ट आहे. आमच्या ओळखीचे जुने भाडेकरू तिथे सुखात राहतात आणि त्यांच्या सुखाचा मला आनंदच आहे. पण रस्त्यावरून चालताना त्या इमारतीचं काय दिसतं? सरकतं लोखंडी गेट, वॉचमनची खुर्ची, आत अंधारात उभ्या मोटारी. एकही दार नाही, खिडकी नाही, पायरी नाही. तिच्या पलीकडची इमारत तशीच. समोरची तशीच. रात्री नवाच्या सुमाराला आमच्या गल्लीतून चालताना आता जी भीती वाटते ती लहानपणी अकरा वाजताही वाटत नव्हती. सीसीटीव्ही भरपूर आहेत. पण हाक मारली तर ओ देईल असं तळमजल्यावर कुणी राहिलेलं नाही.

याचा दोष एकट्या बिल्डरला देऊन मोकळं होता येणार नाही. नियमच तसे आहेत. २०२० साली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, त्यातही फ्लॅटच्या आकारानुसार मोटारींची आणि दुचाकींची जागा दाखवावीच लागते. पेठेतला प्लॉट अरुंद आणि लांबट. तळघर खणायचं तर दोन्हीकडच्या जुन्या भिंतींना धोका आणि खर्च डोईजड. म्हणून पार्किंगला उरतो एकच मजला, रस्त्यालगतचा. शिवाय स्टिल्टचं, म्हणजे इमारतीखाली नुसत्या खांबांवर मोकळ्या सोडलेल्या तळमजल्यावरचं, पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या हिशेबात, मोजलं जात नाही आणि दुकानाचा गाळा काढला की तो मोजला जातो. मग गिरणी आणि पिको-फॉलसाठी जागा कोण सोडेल? सोडलीच तरी नव्या गाळ्याची किंमत अशी की तिथे एटीएम येतं, मोबाइलचं शोरूम येतं, सराफ येतो. घड्याळदुरुस्तीवाला येत नाही.

मोटारींनी याआधीही पेठेत पुष्कळ गिळलंय. मंडईजवळचं आर्यन, १९१५ साली सुरू झालेलं पुण्यातलं चित्रपटगृह, १९८३ साली पाडलं गेलं. आज आर्यन म्हटलं की लोकांना पार्किंग आठवतं. मिनर्व्हा चित्रपटगृहाचंही तेच झालं.

कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन या एकदा. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची घरं. तळमजल्यावर भट्टी आणि ठोकणी, वर राहणं. मठार काम, म्हणजे भांड्यावर ठोके पाडायचं काम, चालतं तेव्हा हातोडीचा ठोका गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो, आणि तो थांबला की वर बसलेल्या बाईला कळतं, चहा टाकायची वेळ झाली. तांब्यावर एकेक ठोका शेजारी शेजारी, सारख्या अंतरावर बसवत जाणारा तो हात मी तासभर उभी राहून बघितला आहे. हे काम स्टिल्ट पार्किंगमध्ये होणार नाही. सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये आवाजाची तक्रार येईल. म्हणजे उद्या त्या घरांच्या जागी नेहमीच्या पद्धतीची इमारत उभी राहिली तर तांबटांना तिथे फ्लॅट मिळेल, पण त्यांचा धंदा तिथून उठेल. बांबूच्या टोपल्या-सुपं विणणाऱ्यांच्या बुरूड आळीचंही तेच.

मला राग येतो तो या गोष्टीचा की हे अटळ नव्हतं. वाडा पाडणं आणि तळमजला मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संडास घरात आला म्हणून ओटा जायला हवा असं कुठे आहे? सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो धावते. कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्टेशनं ऐन पेठेत आहेत. लक्ष्मी रोड, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौक, सगळं पायी दहा-पंधरा मिनिटांत. या भागात प्रत्येक फ्लॅटमागे पार्किंगची सक्ती कशासाठी? ज्याला मोटार हवी त्याने सामाईक वाहनतळावर भाडं भरून लावावी. पेठांपुरती ही अट सैल करा आणि त्या बदल्यात रस्त्यालगत छोटे गाळे आणि बसायला ओटा सक्तीचा करा. शंभर-दीडशे चौरस फुटांचे गाळे, आधीच्या दुकानदारांना आधी. त्यांचं क्षेत्र एफएसआयमधून वगळा, म्हणजे बिल्डरचीही कुरकूर राहणार नाही.

हेरिटेज म्हटलं की आपल्याकडे विश्रामबाग वाडा आणि शनिवारवाड्याच्या पुढे विचार जात नाही. ते जपलेच पाहिजेत. पण वारसा यादीत न बसणारे, साधे, विटा-मातीचे शेकडो वाडे होते आणि पेठेची रोजची ऊठबस त्यांच्या पायऱ्यांवर होती. ती नव्या इमारतीच्या पायऱ्यांवरही होऊ शकते, पायऱ्या ठेवल्या तर.

आमच्या वाड्याची पुढची बैठक दिवाळीआधी आहे. आर्किटेक्टने दिलेल्या नकाशात तळमजला पूर्ण पार्किंगचा आहे. मी लेखी हरकत देणार आहे. रस्त्याच्या बाजूला गिरणीसाठी आणि आणखी दोन दुकानांसाठी गाळे, पुढे पूर्ण रुंदीचा ओटा, आणि बोळात निघणारा मागचा रस्ता दिवसा उघडा. बाकीच्या भाडेकरूंपैकी काहीजण तयार आहेत, काहींना आपल्या मोटारीची जागा जाईल ही धास्ती आहे, आणि त्यांच्याशी मी भांडणार नाही, बोलणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या पुनर्विकासात रस्त्यालगतचे गाळे किंवा ओटा टिकवता आला असेल तर मंजूर नकाशा मला जरूर पाठवा. बैठकीत तो टेबलावर ठेवायचा आहे.