एकाचे दान

कोजागरीला आटीव दूध मिळेल, एवढ्याच अपेक्षेने मी सासुरवाडीला गेलो होतो. परंतु गच्चीवर सारीपाटाचा जुना मखमली पट अंथरलेला दिसला, ब्याऐंशी वर्षांच्या आजेसासूबाई "बसा, जावईबापू" म्हणाल्या आणि माझी सुटकेची वाट बंद झाली.

या खेळाची मला आधीपासूनच धास्ती आहे. म्हाळसेशी सारीपाट हरलेला खंडोबा बारा वर्षे घराबाहेर पडला आणि चंदनपुरीत बाणाईची मेंढरे राखत बसला. देवाची ही गत, तिथे गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्याने काय करावे? तरीही मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, ही घमेंड होतीच.

सहा कवड्यांपैकी जितक्या उताण्या पडतील तितकी घरे चालायचे. मात्र सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. नाणेफेकीचा हिशेब लावला, तर पंचवीसचे दान चौसष्टांत एकदा पडावे, हे मी आजेसासूबाईंना सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, कवड्या ओंजळीत दोनदा खुळखुळवल्या आणि पंचवीस टाकले. नियमाप्रमाणे मिळालेल्या जादा खेळीत पुन्हा पंचवीस पडले, तेव्हा माझ्या शास्त्राची नेमकी किंमत पटावरच पडलेली दिसली.

पुढचा तासभर "तुमची पिवळी मेली" हे वाक्य त्या, वाती वळता वळता, दूधवाला आल्याचे सांगावे तशा सांगत राहिल्या. तरी माझी एक सोंगटी, सगळा पट पालथा घालून, मधल्या घरापासून एका घरावर येऊन ठेपली. आत जायला नेमके एक हवे होते. मी कवड्या टाकत राहिलो; तीन पडले, चार पडले, पुन्हा तीन. अखेर एकच कवडी उताणी पडली आणि मी जवळजवळ ओरडलोच, "एक!"

"एक उताणी म्हणजे दहा," आजेसासूबाई म्हणाल्या.

दोष माझ्या बालपणाचा. १८९६ साली इंग्लंडमध्ये आपल्या पचीसीवरून बेतलेल्या ल्यूडोचे पेटंट घेतले गेले, त्यात चौकोनी फासा आला आणि त्या फाशावर एक असतो. मी वाढलो तो त्या फाशावर. चौसष्ट शक्यता तोंडपाठ असलेल्या माणसाने त्यांत एकाचे दान आहे की नाही, एवढेच पाहिले नव्हते.

"दानं दोनापासून सुरू होतात, जावईबापू," आपली चौथी सोंगटी घरात ठेवत त्या म्हणाल्या. "दूध घ्या, साय धरलीय."