बाईंचा दुसरा पेपर

गावाकडच्या ग्रुपवर अजून टीईटीच, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाच, चालू आहे. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हायची. त्यावर संताप: "वीस वर्षं शिकवल्यावर आता आमची परीक्षा घेणार?" दीडशे प्रश्न, दीडशे गुण, खुल्या गटाला नव्वदला पास, निगेटिव्ह मार्किंगही नाही. एवढ्यासाठी मोर्चे?

हे वाचलं की इथल्या, न्यू जर्सीतल्या बाई आठवतात. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. बी.एस्सी., बी.एड., सांगलीकडे तीन वर्षं गणित शिकवलेलं. 1996 साली लग्न झालं आणि दोन महिन्यांत एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, इथे. त्या व्हिसावर नोकरी चालत नाही. 2015 पासून काही जणींना तशी परवानगी मिळते, पण बाईंना ग्रीन कार्ड 2003 मध्येच आलं होतं. तोवर सात वर्षं रविवारची मराठी शाळा, बिनपगारी.

ग्रीन कार्डानंतर, इथे शिक्षिका व्हायचं म्हणून, डिग्रीचं मूल्यांकन. बी.एस्सी.ची तीन वर्षं, बी.एड.चं एक, म्हणजे इथल्या चार वर्षांच्या पदवीची कशीबशी बरोबरी. गुणपत्रिकेत तास नाहीत, क्रेडिट नाहीत, नुसते गुण. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, इथे साठ म्हणजे काठावर. त्यातून नाव! डिग्रीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, आणि पहिलं नावही बदललेलं, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं. पहिलं, मधलं, शेवटचं, तिन्ही वेगळी. मूल्यांकन करणाऱ्यांच्या लेखी या दोन बायका. ग्रामपंचायतीचा विवाह दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, प्रतिज्ञापत्र. विद्यापीठाचा ट्रान्सक्रिप्ट सीलबंद लिफाफ्यात हवा, फ्लॅपवर शिक्का. भावानं प्रेमानं झेरॉक्स काढायला तो फोडला. गेला तो लिफाफा, पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

मग मिडल स्कूल गणिताची प्रॅक्सिस, इथली शिक्षकांची परीक्षा. गणित येतच होतं, मांडणी नडली. आपला भागाकार: भाजक डावीकडे, भाज्य मध्ये, उत्तर उजवीकडे कंसाबाहेर. इथे उत्तर भाज्याच्या डोक्यावर, नेमक्या अंकावर बसवायचं. एक घर सरकलं की दशांश चिन्हही सरकतं. लाख लिहिताना स्वल्पविराम एकाच्या पुढे नाही, शंभराच्या पुढे. औंस, फूट, गॅलन वेगळेच. शिवाय काउंटी ऑफिसात शरीरशास्त्र आणि आरोग्याची एक चाचणी. सगळं पास झाल्यावरही पहिलं वर्ष मेंटॉरच्या नजरेखाली. 2006 ला शाळा मिळाली. वय पस्तीस.

रविवारची शाळा त्यांनी सोडली नाही. मुळाक्षरं अ-आ पासून नाही, ग-म-भ-न पासून, वळणं सारखी म्हणून. इथली पोरं त चा ट करतात. जीभ दातांना लावून घ्यायच्या. क आणि ख चा फरक कळेना तर ओठांसमोर कागदाची पट्टी: ख ला हलली पाहिजे, क ला नाही. "चार चाकं" म्हणायला लावायच्या. दोन च, दोन उच्चार, अक्षर एकच. हे फळ्यावर दाखवता येत नाही, कानालाच पटवावं लागतं.

तेव्हा मंडळी, दीडशे गुणांचा बाऊ करू नका, असं लिहायचं होतं. मेसेज टाईपही झाला होता. पण तिकडच्या शिक्षकाकडे जनगणना, निवडणूक, पोषण आहाराची वही. बाईंना यातलं काही नव्हतं. आणि दुसरं, जास्त अडचणीचं. बाईंनी पेपर दिला तो परक्या दारात. परक्यांनी "तू कोण?" विचारावं यात त्यांना अपमान वाटला नाही, आम्हालाही वाटत नाही, इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून तो कोडगेपणा अंगात मुरलाय. तिकडच्यांना राग येतो कारण ते स्वतःच्या घरात उभे आहेत. तो राग आमच्यात उरला नाही, आणि आम्ही त्याला शिस्त म्हणतो.

मेसेज पाठवला नाही. बाईंच्या सर्टिफिकेटवर तांदळातलं नाव आहे. इथल्या शाळेत त्या "मिसेस के" होत्या, रविवारी नुसत्या "बाई". डिग्रीवरच्या नावानं इथे त्यांना कुणीच ओळखत नव्हतं. श्रद्धांजलीच्या पत्रकात ते कंसात घालावं का, यावर मंडळात अर्धा तास चर्चा झाली.