1 स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: लक्ष्मीपूजनाची पार्टी आणि "स्मशानासारखा" हॉल

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला, एकदा रागात आणि एकदा चहा घेऊन, म्हणून उत्तराला उशीर झाला.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. 12 नोव्हेंबर 2023 ला या ताईंच्या मंडळाची दिवाळी पार्टी होती, इथे इंग्लंडमधल्या एका गावच्या मेमोरियल हॉलमध्ये, केटरिंग आणि हॉल बुकिंग दोन्ही आमच्याकडे. त्यांचं म्हणणं असं की मसालेभात गार होता, हॉल म्हणजे जुनाट लाकडी शेड, दुपारी 1 पर्यंत आत सोडलं नाही, साडेदहाला म्युझिक बंद करायला लावलं, खऱ्या पणत्या लावू दिल्या नाहीत, आणि सगळ्यात मोठा राग म्हणजे स्टेजशेजारच्या भिंतीवर मेलेल्यांची नावं आणि त्याखाली लाल फुलांची चक्रं, "लक्ष्मीपूजनाला आलोय की श्राद्धाला तेच कळेना". ते बॅकड्रॉप लावून झाका म्हटलं तर आमची पोरं नाही म्हणाली.

मसालेभात आधी. चूक शंभर टक्के माझी. त्या किचनमध्ये दोन हॉटप्लेट एकदम लावल्या की फ्यूज उडतो हे मला माहीत होतं, तिथे आधी चार कार्यक्रम केलेत, तरी हॉटबॉक्स कमी आणले. 85 पानं, पानामागे 3 पाउंड, म्हणजे 255 पाउंड आज तुमच्या खात्यात टाकलेत.

आता शेड. ताई तुम्ही चिडून म्हणालात पण ती खरंच शेड आहे हो. 1918 ला पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा लष्कराकडे लाकडी बराकी ढिगाने उरल्या होत्या, त्या विकायला काढल्या आणि इथल्या कितीतरी गावांनी त्या घेऊन हॉल केले, हा त्यातलाच एक. तेव्हा गावोगावी वाद, युद्धात मेलेल्या गावच्या पोरांचं स्मारक करायचं तर दगडी क्रॉस करायचा की काहीतरी उपयोगाचं. बऱ्याच ठिकाणी क्रॉस झाला, पण काही गावं म्हणाली की परत आलेल्यांना संध्याकाळी बसायला जागा नाही, बायकांना मीटिंगला नाही, नाचगाण्याला नाही, तर हॉलच करू आणि नावं भिंतीवर लावू. म्हणजे हॉलमध्ये स्मारक आहे असं नाहीये, हॉलच स्मारक आहे. पार्ट्या, लग्नं, बारशी हे सगळं तिथे व्हावं म्हणूनच तो उभा केला, त्यामुळे तुमच्या लेझीमला कमिटीतल्या कुणीही नाक मुरडलं नाही, उलट दोन आज्या खुर्च्या ओढून पुढे बसल्या होत्या, तुम्ही पाहिलंच असेल.

आणि भाडं. तुम्हीच फोनवर म्हणाला होतात ना, हॉटेल परवडत नाही, स्वस्तातला बघा. तो स्वस्त का आहे? कारण गावाने वर्गणी काढून केला, मालक कुणी नाही, ट्रस्ट आहे, कमिटीतले लोक फुकट राबतात आणि भाडं फक्त लाइट, हीटिंग, डागडुजीपुरतं घेतात. भिंतीवरची ती नावं नसती तर हॉलही नसता आणि तो रेटही नसता. साडेदहाचा नियम शेजाऱ्यांसाठी आहे, पणत्यांचा लाकडी भिंतींसाठी, त्यावर जास्त काय बोलू.

1 वाजताचं मात्र मला नीट सांगायला हवं होतं. मी मेलमध्ये "हॉल 1 नंतर मिळेल" एवढंच लिहिलं, का ते लिहिलं नाही. नोव्हेंबरचा दुसरा रविवार इथे रिमेंबरन्स संडे असतो, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस, सकाळी 11 ला दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहतात, ही प्रथा 1919 पासूनची, आणि 2023 ला नेमकं लक्ष्मीपूजन त्याच दिवशी आलं. तुम्ही रांगोळीचे डबे घेऊन बाहेर थंडीत थांबलात तेव्हा आत त्याच कार्यक्रमानंतरची चहा-बिस्किटं चालली होती. ती चक्रं पॉपीच्या फुलांची, इथे तीच मेलेल्या सैनिकांच्या आठवणीची खूण, त्याच सकाळी ठेवलेली, दोन तासांत ती उचला असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

नावं झाकू नका असं आमच्या पोरांना मीच सांगितलं होतं. त्या पाटीवर एकाच आडनावाची तीन नावं आहेत लागोपाठ, कधीतरी बघा. दिवाळीत मेलेल्यांची आठवण अशुभ म्हणता, पण धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमदीप आपणच लावतो ना, अपमृत्यू टळावा म्हणून? पाटीवरच्या पोरांचा तर तो टळला नाही. पाटीखाली एक पणती कुणी ठेवली असं तुम्ही विचारलंय, तर ती मी ठेवली, आणि ती पण बॅटरीचीच होती.

मी मूळचा साताऱ्याचा. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण मारले गेले, इंग्रजांनी तिथे स्मारक उभारलं. लहानपणी मामाबरोबर तिकडे गेलो की मामा चप्पल काढायचा, का ते कधी विचारलं नाही. त्यामुळे माझ्याकडून त्या पाटीवर फ्लेक्स लागणार नाही, पुढच्या वर्षीही नाही. चालत नसेल तर हॉटेलचा रेट काढून देतो, तो जरा जास्त असेल.

आणि तुमची पितळी समई आमच्या व्हॅनमध्ये राहिलीय, वातीसकट. रविवारी त्याच बाजूला डिलिव्हरी आहे, घरी असाल तर आणून देतो.